आत्यानं धरलेलं माझं पथ्य

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा अर्धीच सांगितली होती. उरलेली अर्धी गावात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि ते माणूस बोलणारं नव्हतं.

मी डॉक्टर आहे. पदवी आयुर्वेदाची, धंदा सुई-सलाईनचा. आमच्या भागात याचं कुणाला नवल वाटत नाही. कुंभार पिंपळगावकडून आमच्या गावात शिरलं की स्टँडजवळ, खताच्या दुकानाला लागून माझा दवाखाना आहे. याच गावात जन्मलो, शिकायला बाहेर राहिलो आणि फिरून इथंच आलो. शहरात जागा घ्यायची ऐपत नव्हती. सांगताना मात्र मी 'गावासाठी आलो' असं सांगायचो, आणि लोकांना ते आवडायचं.

मी आलो तेव्हा गावात आधीपासूनच एक दवाखाना होता. त्याला बोर्ड नव्हता. मारुतीच्या पाठीमागच्या गल्लीत, स्वतःच्या घराच्या दगडी ओट्यावर, दर रविवारी आत्या बसायची. ती गावाची लेक. नवरा लवकर गेला, ती माहेरी परत आली आणि बापाकडून कावीळ उतरवायची विद्या शिकली. गावाची लेक म्हणून ती लहानथोर सगळ्यांची आत्या, तशी माझीही. कावीळ सोडून दुसऱ्या कशालाही ती हात लावायची नाही. कुणी तापाचं लेकरू घेऊन आलं तर म्हणायची, "ते माझं काम न्हाई, बाई. माझ्याकडं पिवळं होऊन या."

रविवारच्या पहिल्या गाडीनं अंबडकडचे, घनसावंगीकडचे लोक उतरायचे, उपाशीपोटी. आत्या कसल्याशा सालीचा रस त्यांच्या तळहातांना चोळायची आणि वरून चुन्याची निवळी ओतत हात धुवायला लावायची. खालच्या परातीत पिवळंजर्द पाणी पडायचं. बघणारे म्हणायचे, "निघाली बघा, निघाली!" मग दोऱ्यात ओवलेली एक मुळी गळ्यात, आणि पथ्य. तेल नाही, हळद नाही, तिखट नाही. भाकरी, ताक, मुळा, ज्वारीच्या लाह्या.

पथ्य कुठलाही वैदू सांगतो. आत्याकडची रीत वेगळी होती. पथ्य रोग्यानं एकट्यानं धरायचं नाही, त्याच्याबरोबर आत्यानंही धरायचं. रोगी बरा झाला की त्यानं रविवारी ओट्यावर यायचं, आत्या तेल-हळदीचं धपाटं करायची, अर्धं त्यानं खायचं आणि अर्धं तिनं. मग दोघं सुटले. एक जण जरी यायचा राहिला तरी तिच्या तोंडाला तेल लागायचं नाही. काविळीच्या दिवसांत तिचे महिनेच्या महिने कोरड्या भाकरीवर जायचे. शेजारच्या बाया चेष्टा करायच्या, "आत्या, एखादं भजं खा की चोरून, कुणाला कळतंय?"

"बापाला कळतंय की," ती म्हणायची. बाप जाऊन जमाना झाला होता.

याच बापानं तिला अजून दोन गोष्टी बजावल्या होत्या. कुणाला बोलवायला जायचं नाही आणि कावीळ घेऊन आलेल्याला परत पाठवायचं नाही. धंद्याच्या दृष्टीनं बघितलं तर माझ्यासमोर उभं राहायला तिच्याकडे काहीच नव्हतं.

मला त्या पिवळ्या पाण्याचं बिंग माहीत होतं. त्या रसात आणि निवळीत धडधाकट माणसाचे हात धुतले तरी तेच पाणी पडतं. पण माझ्याकडे तरी काय होतं? साधी कावीळ विश्रांतीनं आपली आपण उतरते. मी ग्लुकोजची बाटली लावायचो आणि तिच्यात बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन सोडायचो. बाटली पिवळी व्हायची. लोक मागून घ्यायचे, "साहेब, मला पिवळी लावा, पांढरीनं फरक पडत न्हाई." तिचं पिवळं बाहेर पडायचं, माझं आत जायचं. आपला उपचार शास्त्रीय आणि तिचा अडाणी, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं. तिच्याविषयी वाईट मात्र कधी बोललो नाही. फक्त रविवारी दवाखाना उघडा ठेवायला लागलो.

दवाखाना नुकता कुठं चालायला लागला होता, तेव्हाच मला कावीळ झाली.

दाढी करताना आरशात डोळे दिसले. पिवळ्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण येणार? 'सासुरवाडीला गेले आहेत' अशी पाटी लावून मी घरात दडून बसलो. जालन्याला जाऊन रक्त तपासून आलो. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, काही नाही, आराम करा. आराम तर करत होतो, पण अन्न बघितलं की मळमळायचं, आणि डोळे दिवसेंदिवस जास्तच पिवळे दिसायचे. आई तेव्हा होती. ती उशाशी बसून एकच घोकायची, "आत्याकडं जाऊन ये रे. तुझी पदवी काय घटून जाती का?"

शेवटी एका रविवारी, उजाडायच्या आत, मी मागच्या गोठ्याच्या दारानं आत्याकडे गेलो. ती चूल पेटवत होती. मला बघून उठलीसुद्धा नाही.

"कोन? डाक्टर का?"

"आत्या, कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगू? बस तिथं पाटावर."

तिनं रस चोळला, निवळी ओतली. परातीत पिवळं पाणी पडायला लागलं. मला सगळं ठाऊक होतं, तरी ते पाणी बघताना अंगातलं काहीतरी निघून चालल्यासारखं वाटलं. मला रडू आलं. आत्यानं बघितलं. मुळी गळ्यात बांधताना एवढंच म्हणाली, "शर्टाच्या आत घाल. आन् सोडायला ये बरं का. इसरू नको."

आठवड्याभरात भूक लागायला लागली. ती मुळीमुळं लागली की लागायचीच होती म्हणून लागली, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. आजही छातीठोक सांगता येणार नाही. बरा झालो तसा पुन्हा एका रविवारी पहाटेच मागच्या दारानं गेलो. म्हटलं, ते धपाटं खाऊन टाकू आणि मोकळं होऊ.

आत्यानं दारातच अडवलं. "इकडून न्हाई. ऊन पडल्यावर समोरून ये, वट्ट्यावर."

"आत्या, लोक असतात तिथं."

"लोकासमोरच असतंय ते. पथ्य चोरून धरता येतंय रे, चोरून सोडता येत न्हाई."

"बरं, येतो," म्हणालो आणि घरी आलो. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. पुढच्या रविवारी त्याहून जास्त होती. महिन्याभरानं आईनं फोडणीची डाळ वाढली आणि विचारलं, "सोडलं न्हवं पथ्य?" मी हो म्हणालो आणि डाळ खाल्ली. बायकोलाही तेच सांगितलं. ती माझी अर्धी गोष्ट.

सुरुवातीला मला वाटायचं, म्हातारी थोडे दिवस वाट बघेल आणि खाईल. आपणहून कुणी इतकं धरून बसत नाही.

पुढं गावातल्या एका माणसाची कावीळ आत्याकडं उतरेना. आठवड्यामागून आठवडे तो रविवारी ओट्यावर जात राहिला. अंगाला खाज सुटली, पोट दुखायला लागलं, तरी जात राहिला, आणि आत्या त्याला परत पाठवेना, कारण आलेल्याला परत पाठवायचं नाही. शेवटी त्याच्या भावानं त्याला माझ्याकडं उचलून आणलं. मी तसाच जालन्याला धाडला. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. ऑपरेशन झालं, वाचला, पण थोडक्यात. यात आत्याचं चुकलं होतं. तिच्यावर माया आहे म्हणून हे मी झाकणार नाही. तिच्या रीतीत 'हे माझ्याच्यानं होणार नाही' म्हणायला जागाच नव्हती, आणि त्यात एखादा जीव जाऊ शकला असता.

पण त्यानंतर मी जे केलं ते वेगळं. तो भाऊ भरल्या दवाखान्यात मला म्हणाला, "साहेब, तुमीच सांगा आता. शिकलेलं माणूस कदी त्या म्हातारीकडं जाईल का?"

बाकावरचे सगळे माझ्याकडे बघत होते. मी हसलो.

तेवढंच. एक शब्द बोललो नाही. पण ते हसू त्या दिवशी बाकावरून उठून गावभर गेलं. 'डॉक्टर नुसते हसले' असं लोक एकमेकांना सांगायचे. ऑपरेशनवाला बरा होऊन पथ्य सोडून गेला, आणि वर्षभरात आत्याचा ओटा रिकामा पडला. पहिल्या गाडीनं उतरणारी माणसं सरळ माझ्याकडं यायला लागली. मी त्यांना पिवळी लावत होतो.

त्यानंतर कधीतरी गावात एक लग्न होतं. पंगतीत माझ्यासमोरच्या रांगेत, जरा तिरकस, आत्या बसली होती. वाढप्यानं पुरी टाकायला हात पुढं केला तर तिनं पत्रावळीवर हात आडवा धरला.

"मला नुस्ता भात वाढ. आन् ताक असलं तर."

"कामून वं आत्या? आता तर कुणी येत बी न्हाई तुमच्याकडं. कुणाचं पथ्य धरून राह्यल्या?"

"एकाचं राह्यलंय."

सगळी पंगत हसली. कुणीतरी ओरडलं, "अवं, पत्ता तरी सांगा त्याचा! गाडी करून जातो आन् धरून आणतो."

दुसरा म्हणाला, "मेला बिला नसंल ना?"

"मरतंय कशाला? चांगलं धडधाकट हाय. येईल," आत्या म्हणाली आणि भात कालवायला लागली. माझ्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या हातात पुरी होती. ती मी खाल्ली.

त्या दिवसापासून गावाला एक चेष्टा मिळाली: आत्याचा अडकलेला. कुणी उधारी बुडवली, कुणी मुलगी बघून निरोप दिला नाही, की लोक म्हणायचे, आत्याचा अडकलेलाच दिसतोय. मीही दवाखान्यात बसून हे ऐकायचो. दर दिवाळीला ठरवायचो की या साली जायचं. मग वाटायचं, इतक्या वर्षांनी गेलो तर लोक पहिला प्रश्न विचारतील, इतकी वर्षं का नाही आलात? जितका उशीर होत गेला तितकं जाणं अवघड होत गेलं. शिवाय माझ्याकडे एक चांगलं कारणही होतं. मी ओट्यावर जाऊन धपाटं खाल्लं तर उद्या खड्याचा रोगी पुन्हा तिच्याकडं जाईल, त्याचं काय? हे कारण खरं होतं. पण ते मला आधी नाही, नंतर सुचलं होतं.

गेल्या हिवाळ्यात तिचा पुतण्या तिला मोटारसायकलवर मागं बसवून दवाखान्यात घेऊन आला. चालताना तोल जात होता म्हणाला. माझ्या दवाखान्यात ती पहिल्यांदाच येत होती. मी तपासलं. अंगात रक्त नाही, मांस नाही, दंडाभोवती माझी बोटं सहज मिटत होती. मी लिहायला घेतलं, आणि दिवसभर ज्याला त्याला जे सांगतो ते सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"गोळ्या देतो, पण खाण्यापिण्याकडं लक्ष द्या. जरा तेल-तूप पोटात जाऊ द्या, आत्या. कोरडं खाऊन कसं चालेल?"

बोलून गेलो आणि मग कळलं मी काय बोललो ते.

पुतण्या म्हणाला, "कितीदा सांगितलं साहेब. ऐकतच न्हाई. तिचं ते पथ्य हाय ना!"

कंपाउंडर हसला. "अजून आला न्हाई का वं त्यो?"

आत्या माझ्याकडं बघत होती. रागानं नाही. आपल्या घरच्या पोरानं पाहुण्यांसमोर काही वेडंवाकडं बोलावं आणि आपण त्याला सांभाळून घ्यावं, तशी बघत होती. म्हणाली, "डाक्टर बराबर सांगून राह्यले. खाईन. बघू."

ते "बघू" घेऊन मी घरी गेलो आणि बायकोला उरलेली अर्धी गोष्ट सांगितली. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"म्हणजे तो तुम्ही?"

"हो."

"आणि मी सुद्धा हसत होते इतकी वर्षं," ती म्हणाली. लाटणं बाजूला ठेवून म्हणाली, "रविवारी दवाखाना उघडायचा नाही. मी कुलूप लावते."

रविवारी चांगलं ऊन पडल्यावर मी समोरून गेलो. ओट्यावर आत्या आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्या ऊन खात बसल्या होत्या. एक तरुण बाई कडेवर पोर घेऊन खाली उभी होती, पोराचे डोळे हळदीसारखे. इतक्या दिवसांनी नेमकं त्या रविवारी कुणीतरी आलं होतं. मनात म्हटलं, परत फिरावं. पाय मात्र ओट्यापर्यंत गेले होते.

"आत्या, पथ्य सोडायला आलो," मी म्हणालो. आवाज फारच बारीक निघाला असावा, कारण एका म्हातारीनं विचारलं, "काय म्हन्ले?"

आत्या म्हणाली, "पथ्य सोडायला आलेत. माझं राह्यलेलं एक होतं ना, ते हे."

दोघी म्हाताऱ्या बघतच राहिल्या. पोर घेतलेल्या बाईच्या तोंडावर मात्र उजेड आला. "म्हंजे डाक्टर सुद्धा इथंच येतेत?"

याचीच मला भीती होती. मी तिला म्हणालो, "ताई, आलो होतो हे खरं आहे. गुण यानंच आला का ते मला सांगता येत नाही. पण लेकराचं रक्त आधी तपासून घ्या. कावीळ एक नसते, तिची कारणं वेगवेगळी असतात. आज दुपारीच घरी या, मी बघतो आणि रक्तासाठी जालन्याला चिठ्ठी देतो." बोलता बोलता मी आत्याकडं बघितलं. तिच्याच ओट्यावर उभा राहून मी तिचा रोगी पळवत होतो.

आत्या म्हणाली, "जा की बाई. म्या कुठं धरून ठेवलं? आन् तू रे, गुणाचं कोन इचारून राह्यलं तुला? खायला आला ना? मंग बस." मग तीच थबकली. "अरे, पर घरात तेल न्हाई. हळद बी न्हाई. आणणार कशाला व्हते म्या?"

मी म्हणालो, घरून आणतो.

"घरून नको. दुकान तिथं हाय. जा, जल्दी घेऊन ये."

दुकान चौकात होतं. रविवारचे रिकामे लोक तिथंच बसलेले. दुकानदार चाचांनी तेलाची पिशवी आणि हळदीची पुडी माझ्यासमोर ठेवली. "क्या डॉक्टरसाब, आज खुद सौदा? घर में मेहमान आए क्या?"

'हो' म्हटलं असतं तर संपलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

"नाही चाचा. आत्याकडं चाललोय. पथ्य सोडायचंय."

"किसका?"

"माझं. मला कावीळ झाली होती, दवाखाना नवा होता तेव्हा. आत्याकडून औषध घेतलं आणि सोडायला गेलोच नाही."

चाचांनी चष्मा वर केला. कट्ट्यावरचं बोलणं थांबलं. "तो वो अटका हुआ आदमी आप थे? और यहाँ हम सारा मुलुख ढूँढ लिए!" कुणीतरी हसलं, पण ते हसू पुढं सरकलं नाही. खड्याच्या ऑपरेशनवाल्याचा भाऊ तिथंच बसला होता. तो उठला आणि चालायला लागला. त्याच्या पाठीकडे बघत मी उभा राहिलो. आजही तो माझ्याकडं येत नाही, कुंभार पिंपळगावला जातो. त्याला माझ्याविषयी काय वाटत असेल याचा मला अंदाज आहे.

आत्यानं धपाटं गोल थापलं. तव्यावर तेल सोडलं तसा धूर उठला आणि तिनं नाकाला पदर लावला. तिला तो वास सहन झाला नाही. तिनं धपाटं मोडलं. मोठा तुकडा मला दिला, लहान स्वतः घेतला. मी म्हटलं, अर्धं-अर्धं असतं ना? म्हणाली, "दात कुठं राह्यलेत मला?" खूप वेळ चावत बसली. माझा तुकडा तोवर संपला होता. खाऊन झाल्यावर तिनं हात धुतले आणि म्हणाली, "मीठ कमी पडलं." बस.

मी तिची माफी मागायची ठरवून गेलो होतो. वाक्यं जुळवून ठेवली होती. तिथं त्यातलं एकही वाक्य बोलण्यासारखं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुतण्या धावत आला. "साहेब, आत्याचं पोट बिघडलंय. रातभर चालूच हाय."

इतक्या वर्षांनी पोटात तेल गेल्यावर दुसरं काय होणार? मी डॉक्टर असून हे माझ्या डोक्यात आलं नाही. तसाच बॅग घेऊन गेलो. आत्या घोंगडीवर पडून होती, मला बघून हसली. "एवढ्या वर्सांनी आला, आन् आल्याबरोबर झोपवलं मला."

मी नाडी बघितली, साखरमिठाचं पाणी पाजलं, गोळ्या दिल्या. म्हणालो, "आत्या, पोट धरेपर्यंत तेल-तिखट बिलकुल बंद. ताकभात, नाहीतर मऊ खिचडी."

"धरते," ती म्हणाली. "पर एकटी न्हाई धरणार."

पुतण्याला वाटलं तिला अशक्तपणात काहीबाही सुचतंय. मी मान हलवली आणि घरी आलो. जेवायला बसलो तर बायकोनं वांग्याची भाजी वाढायला घेतली. मी म्हटलं, ताक आहे का?

ती म्हणाली, "किती दिवस?"

"आत्याचं पोट बरं होईपर्यंत."

आत्याला बरं व्हायला आठवडा लागला. दुसऱ्या दिवसापासून ती रोज पुतण्याकरवी विचारायची, डाक्टर काय जेवले. आणि तो येऊन माझ्या स्वयंपाकघरात डोकावून जायचा.